१९३० सालच्या इंग्लिश पोराला नाटकासाठी कपडे शिवायचे तर

नाटक इंग्लंडमधलं, काळ दोन महायुद्धांमधला आणि त्यात एक बारा वर्षांचा मुलगा आहे, असं सांगितलं की आपल्याकडचा भाड्यानं कपडे देणारा ड्रेसवाला हमखास एकच गाठोडं सोडतो: मुंजीत-लग्नात घालतात तसला थ्री-पीस, चकचकीत टेरिकॉटचा, लाल बो लावलेला. पोरगं त्यात लग्नातल्या बँडमधलं दिसतं. मी पुण्यात हौशी आणि स्पर्धेच्या नाटकांचे कपडेपट सांभाळत आले आहे, त्यामुळे हे लिहिते आहे. माझं म्हणणं एवढंच, की त्या काळच्या इंग्लिश मुलाला बापाचा सूट लहान करून घालू नका. त्याचे कपडे मुळातच वेगळे असत आणि नाटकातलं अर्धं काम ते वेगळेपणच करतं.

कापड घ्यायला बाहेर पडण्याआधी संहिता घेऊन बसा. मुलाचं वय, बापाची मिळकत आणि प्रसंग या तीन गोष्टी समासात लिहा, याच क्रमानं. दिग्दर्शकाला वय विचारलं की तो “असेल दहा-बारा” म्हणतो. ते चालवून घेऊ नका. दहा आणि चौदा यांच्यात हाफ पँट आणि फुल पँट एवढं अंतर आहे.

वयाचं गणित ढोबळमानानं असं. सहा-सात वर्षांपर्यंत पोर आईच्या हौसेचं. पार्टीला किंवा लग्नात करवल्यासारखं उभं करायचं असेल तर मखमलीची अर्धी चड्डी, वर रेशमी किंवा साटिनचा ब्लाउज, पांढरे आखूड मोजे आणि पट्ट्याचे बूट. चड्डी ब्लाउजलाच कमरेभोवती बटणांनी अडकवलेली असे, म्हणजे पट्टा नको आणि घसरायची भीती नको. दुसरा पर्याय खलाशी सूट. १८४६ साली राणी व्हिक्टोरियाच्या थोरल्या मुलासाठी राजघराण्याच्या जहाजावर घालायला तो शिवला, विंटरहाल्टर या चित्रकारानं त्यातलं त्याचं चित्र काढलं आणि पुढं कित्येक पिढ्यांच्या आयांनी आपापल्या पोरांना तो घातला. १९२०नंतर त्याचा भर ओसरू लागला होता, पण ठेवणीतला कपडा म्हणून तो होता. मी स्वतः खलाशी सूट टाळते. आपल्या प्रेक्षकाला तो फॅन्सी ड्रेस वाटतो आणि गंभीर प्रवेशातही पहिल्या रांगेतून हसू येतं.

सात-आठ ते तेरा हा हाफ पँटचा काळ. पैसेवाल्या घरातला मुलगा या वयात बोर्डिंगच्या तयारी-शाळेत असतो आणि तेराव्या वर्षी ईटन, हॅरोसारख्या मोठ्या शाळेत जातो. तिथं गेला की फुल पँट. गरिबाघरचा मुलगा चौदाव्या वर्षी शाळाच सोडतो, कारण १९१८च्या कायद्यानं सक्तीच्या शाळेची मर्यादा तेवढीच ठेवली होती. कामाला लागतानाच बहुतेकांच्या पायात पहिली फुल पँट येई. म्हणून नाटकात मुलगा मोठा होत असेल, तर पहिली फुल पँट हा प्रवेश लेखकानं लिहिला नसला तरी तुम्ही कपड्यातून लिहू शकता. दुसऱ्या अंकात ती येऊ द्या, संवाद लागत नाही.

आता ती हाफ पँट. यावर मी वेळ घालवणार आहे, कारण सगळं इथंच बिघडतं. शाळेच्या गणवेशाची आजची चड्डी घेऊ नका. ती फार आखूड असते किंवा मग बर्म्युडासारखी गुडघ्याखाली जाते. १९२०च्या दशकात लांबी गुडघ्याच्या वाटीला टेकणारी ठेवा. १९३०च्या दशकात वाटी पूर्ण दिसेल एवढी वर घ्या, त्याहून वर नाही. पायाचा घेर मोकळा, आतून सुती अस्तर, पुढं बटणांची पट्टी. चेन अजिबात नको. रंग राखाडी, कापड फ्लॅनेल. ठेवणीतल्या सूटची असेल तर गडद राखाडी किंवा नेव्ही ब्लू सर्ज (तिरक्या विणीचं लोकरी कापड), आणि वर त्याच कापडाचं जाकीट. कमरेला शाळकरी मुलांचा इलॅस्टिकचा पट्टा येई, दोन रंगांच्या आडव्या पट्ट्यांचा आणि पुढं सापाच्या आकाराचा आकडा असलेला. तसला आकडा मिळाला नाही तर एखादा लोहार किंवा इमिटेशन दागिने करणारा वाकवून देतो. ठेवणीतल्या सूटला मात्र पट्टा न घालता गॅलिस लावा, जाकिटाखाली झाकलेले.

मोजे लोकरीचे, गुडघ्याखाली दुमडलेले. दुमडीवर शाळेच्या रंगाच्या एक-दोन पट्ट्या विणलेल्या. आत इलॅस्टिकची पट्टी घाला, नाहीतर पहिल्या प्रवेशातच ते घोट्यावर येतील. घसरलेला मोजा हा खोडकर पोराचा ठरलेला दागिना आहे, पण तो दिग्दर्शकानं मागितल्यावर घसरू द्या. बूट काळे, नाडीचे, कातडी तळव्याचे. शाळेचे जाड रबरी तळव्याचे बूट पहिल्या रांगेतून ओळखू येतात आणि फळ्यांवर आवाजही चुकीचा करतात.

शर्ट पुढून पूर्ण उघडणारा नसून डोक्यातून घालायचा असे, छातीपर्यंत पट्टी आणि खाली बंद. म्हणजे आपल्या कुर्त्यासारखाच, आणि आपला कुर्ते शिवणारा कारागीर तो डोळे मिटून शिवतो. पूर्ण उघडे शर्टही त्या काळात येऊ लागले होते, तेव्हा हातात तयार शर्ट असेल तर फार जीव काढू नका. रोजच्या शाळेला राखाडी, रविवारी चर्चला पांढरा.

टायकडे मात्र बघा. रुंदी बेताची, गाठ बारीक, सरळ गुंडाळून ओढलेली. फुगीर त्रिकोणी गाठ नको. आणि पट्ट्यांची दिशा तपासा: इंग्लिश टायवरचे तिरके पट्टे घालणाऱ्याच्या डाव्या खांद्याकडून उजव्या कमरेकडे उतरतात. अमेरिकन दुकानांनी ते उलटे केले आणि आपल्याकडच्या तयार टायमध्ये दोन्ही प्रकार मिसळलेले असतात. दहा रुपयांचा फरक नाही, पण परीक्षकांत एखादा जुना मिलिटरीवाला असला की तो नेमकं हेच बघतो.

खरी मजा ईटन सूटची. हा मुलांचा सगळ्यात औपचारिक पोशाख, नाव शाळेचं असलं तरी त्या शाळेपुरता राहिलेला नव्हता. रविवारचं चर्च, लग्न, घरातलं संध्याकाळचं जेवण, मोठ्यांच्या पार्टीत हजेरी लावणं अशा वेळी सुखवस्तू घरचा मुलगा तो घाली. आखूड काळं जाकीट, आत वेस्टकोट, काळा टाय, राखाडी रेघांची पँट आणि जाकिटाच्या वर पसरलेली रुंद, पांढरी, कडक कॉलर. खुद्द ईटनमध्ये नियम उंचीचा होता: पाच फूट चार इंचाच्या आत असाल तर हे आखूड जाकीट, त्याहून उंच झालात की शेपटीचा कोट. त्यामुळे वर्गातला सगळ्यात बुटका मुलगा थोराड होऊनही आखूड जाकिटातच अडकून राही. ते जाकीट तिथं १९६७पर्यंत चाललं. एवढं एक लक्षात ठेवा, की ईटन सूटबरोबर सहसा दहा वर्षांच्या मुलालाही फुल पँटच असे. हाफ पँटच्या वयाला हा एक अपवाद आहे आणि हा अपवाद पाळला की नाटक जाणकार वाटतं.

जाकीट शिवताना कटिंग मास्टर ऐकणार नाहीत. ते लांबी वाढवतील, कारण त्यांना ते कमी कापडाचं, बिघडलेलं वाटतं. लांबी कमरेपर्यंतच. मागं मध्यभागी किंचित टोक उतरू द्या. पुढच्या कडा एकमेकींवर येऊन बंद होत नाहीत, जाकीट उघडंच घालायचं, बटणं शोभेची. जाकीट पाठीवर पाटीसारखं बसलं पाहिजे, त्यामुळे खांद्यात पॅड घालू नका, छातीला फक्त पातळ कॅनव्हास द्या. इंग्लिश पोरं या जाकिटाला ढुंगण गारठवणारं अशा अर्थाचं नाव देत. ते नाव मास्टरांना सांगून बघा, लांबी लगेच कळते.

कॉलर शर्टापासून वेगळी करा. रुंदी साधारण तीन इंच, टोकं गोलसर. दोन थर घट्ट विणीच्या सुती कापडाचे, मध्ये बकरम. मागं एक आणि पुढं एक अशा दोन कॉलर-बटणांनी ती शर्टाच्या पट्टीला अडकते. इस्त्रीनं चिकटणाऱ्या तयार फ्युजिंगवर भागवू नका, ते दिव्याखाली प्लास्टिकसारखं दिसतं आणि घामानं पोपडा धरतं. खरी खळ द्या. साबुदाण्याची किंवा तांदळाची खळ दाट शिजवा, गाळा, त्यात नीळेचे दोन-चार थेंब टाका. कॉलर बुडवून पिळा, स्वच्छ फडक्यात गुंडाळून तासभर ठेवा आणि ओलसर असतानाच कडक इस्त्री करा, आधी उलटीकडून, मग सुलटीकडून. शेवटी गरम असताना एखाद्या बरणीभोवती वळवून गार होऊ द्या, म्हणजे गळ्याचा गोल येतो. गंमत म्हणजे आपल्या घरात वर्षानुवर्षं जी रॉबिन नीळ आहे ती इंग्लंडच्या हल शहरातल्या रेकिट कंपनीचीच. त्यांची रॉबिन नावाची खळही तिकडं घराघरांत होती. कॉलरी निदान तीन करा. घाम आणि रंगभूषेचा पॅनकेक यांच्यापुढं कुठलीच खळ एका प्रयोगाच्या वर टिकत नाही.

आता उलट टोक. नाटकातला मुलगा खाण कामगाराचा किंवा गिरणीवाल्याचा असेल तर ईटन सूट विसरा. त्याचा रविवारचा सूट नेव्ही ब्लू सर्जचा, चड्डी आखूड, खाली खिळे मारलेले जाड बूट. रबरी किंवा सेल्युलॉइडची पुसून वापरायची कॉलर मिळे, खळीचा खर्च वाचे. उत्तर इंग्लंडच्या गिरणीगावांत वसंतातल्या व्हिट रविवारी, म्हणजे ईस्टरनंतर येणाऱ्या ख्रिस्ती सणाला, मुलांना वर्षाचे नवे कपडे घालत आणि पोरं शेजाऱ्यांना ते दाखवायला दारोदार हिंडत. शेजारी नव्या खिशात एखादं नाणं टाकत. त्याच गल्ल्यांमध्ये रविवारचा सूट सोमवारी सावकाराकडे गहाण जाई आणि शनिवारी सोडवून आणला जाई. तुमच्या नाटकात आईची ओढाताण दाखवायची असेल तर मुलाच्या सूटला घरातल्या वापराच्या सुरकुत्या देऊ नका, गाठोड्यात घडी करून ठेवल्याच्या द्या: चौकोनी, कडक घड्या, मधोमध. बघणाऱ्यांतल्या एकानं जरी ते ओळखलं तरी काम झालं.

गरीब असो की मध्यम, कपडा वाढत्या अंगाचा घेतला जाई. बाह्या पहिल्या वर्षी बोटांपर्यंत, तिसऱ्या वर्षी मनगटाच्या वर. हेम सोडून लांबी वाढवली की जुन्या दुमडीची फिकट रेघ राहते. ती मी मुद्दाम करते. चड्डीच्या खालच्या काठापासून दीड इंचावर ओल्या खडूनं रेघ ओढून ब्रशनं झटकते आणि रेघेखालचं कापड थोडं गडद ठेवते, कारण आत दुमडलेलं कापड उन्हानं विटलेलं नसतं. धाकट्या भावाच्या अंगावर थोरल्याचा कपडा दाखवायचा असेल तर अशा दोन रेघा.

शोध घेताना तुम्हाला एक छायाचित्र सगळीकडे भेटेल. ९ जुलै १९३७, लंडनमधलं लॉर्ड्स मैदान, ईटन विरुद्ध हॅरोचा सामना. जिमी साइम या छायाचित्रकारानं टिपलेले दोन हॅरोचे विद्यार्थी, उंच टोप्या, वेस्टकोट, हातात छडी, आणि शेजारी त्यांच्याकडे टकामका बघणारी त्याच भागातली तीन पोरं साध्या जाकिटात. दुसऱ्या दिवशी ते न्यूज क्रॉनिकलमध्ये छापून आलं आणि तेव्हापासून इंग्लंडमधल्या वर्गभेदावर कुणी काही लिहिलं की ते चिकटवतात. फोटो उत्तम आहे, पण त्यावरून कपडे शिवू नका. तो सामन्याच्या दिवसाचा खास थाट आहे. मंगळवारी गणिताच्या तासाला कुणी असं बसत नसे. आणि ती तीन पोरं काही फाटकी नव्हती, त्या दिवशी सकाळी दाताच्या डॉक्टरकडे जाऊन शाळेला दांडी मारून आली होती, एवढंच. टोपीवाल्या दोघांपैकी एक जण पुढच्याच वर्षी आईवडिलांकडे हिंदुस्थानात आला आणि सिकंदराबादजवळ त्रिमुलगेरीला घटसर्पानं गेला. सोळा वर्षांचा होता. फोटोतल्या श्रीमंतीवर भाषण ठोकणाऱ्यांना हे सहसा ठाऊक नसतं.

शोकाचा प्रवेश असेल तर काम सोपं आहे. डाव्या दंडावर काळी पट्टी, तळहाताएवढी रुंद, जाकिटाच्या बाहीला टाचलेली, आणि काळा टाय. २० जानेवारी १९३६ला पाचवा जॉर्ज वारला तेव्हा शाळकरी मुलांच्या बाहीवरही अशा पट्ट्या आल्या. नाटक त्या महिन्यातलं असेल आणि पट्टी नसेल तर ती कमतरता आहे.

टोपी शाळेची: कळ्यांची, छोट्या पुढ्याची, कपाळावर बिल्ला, सरळ बसवलेली. तिरकी नाही. घरात, चर्चमध्ये ती हातात आली पाहिजे आणि बाई समोर आली की उचलली गेली पाहिजे. ही तालीम पहिल्या दिवसापासून करून घ्या, टोपी आयत्या वेळी दिली की पोर ती डोक्यावर ठेवून जेवायला बसतं. केस मागून आणि कडेनं बारीक, बाजूला भांग, ब्रिलक्रीम लावून चपटे. ते १९२८ साली बर्मिंगहॅममध्ये निघालं, त्याआधीच्या काळासाठी नुसतं तेल-पाणी.

आता कापडाची गोष्ट. खरी लोकर महाग आणि मे महिन्यातल्या नाट्यगृहात मुलाला भाजून काढणारी. मी जुन्या बाजारात फिरून पुरुषांच्या जुन्या लोकरी पँट गोळा करते. म्हाताऱ्या माणसांच्या, चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी शिवलेल्या, घेर मोठा. एका पँटीत दहा वर्षांच्या मुलाची चड्डी सहज निघते आणि गुडघ्याला झिजलेला भाग टाकूनच निघते. तिकडच्या आयाही बापाच्या जुन्या कपड्यातून मुलाचे काढत, तेव्हा ही काटकसर काळाशी इमान राखणारीच आहे. नवं कापड घ्यायचं तर टेरिवुलचे उरलेले तुकडे स्वस्त पडतात, पण दुकानात न बघता दारात नेऊन उन्हात तिरके धरून बघा. चमकलं की परत द्या, कारण दिव्याखाली ते दुप्पट चमकेल. बटणं शिंगाची किंवा शिंगासारखी दिसणारी, चार भोकांची. सोनेरी बटणं फक्त ब्लेझरला, तीही शाळेचा ब्लेझर तसा असेल तरच.

अंक बदलताना कपडे झटकन बदलायचे असतील तर वेल्क्रो लावू नका, त्याचा फर्रकन् आवाज विंगेतून बाल्कनीपर्यंत जातो. वर बटणं शिवा, खाली टिचबटणं. काजं खोटी चालतील. जाकीट रंगमंचावर खुंटीला टांगलं जाणार असेल तर मानेच्या आत नावाची पट्टी शिवा, पांढऱ्या फितीवर लाल विणलेल्या अक्षरांत. कॉव्हेंट्रीच्या कॅश कंपनीच्या अशा फिती प्रत्येक बोर्डिंगच्या मुलाच्या मोज्यापासून रुमालापर्यंत टाचलेल्या असत. आपल्याला लाल दोऱ्यानं भरलेलं नाव पुरतं.

कपडे तयार झाले की ते रंगीत तालमीपर्यंत कपाटात ठेवू नका. बूट, चड्डी आणि कॉलर तरी मुलाला आठवडाभर आधी द्या. कडक कॉलर घातली की मान आपोआप ताठ राहते, मुलगा बाजूला बघताना खांद्यासकट वळतो, आणि ते वळणं कुठलाही दिग्दर्शक शिकवू शकत नाही. पहिल्या दिवशी तो रडकुंडीला येईल. गळ्याला आतून पातळ मलमलची पट्टी लावा, काचणं थांबतं.

आणि खिसे. आजचं पोर उभं राहिलं की हात खिशात जातात. त्या काळच्या बऱ्याच शाळांत खिशात हात घालणं हा वरच्या वर्गातल्या मुलांचा मान होता, धाकट्यांना शिक्षा होई. म्हणून तालमीच्या दिवसांत चड्डीचे खिसे धावदोऱ्यानं बंद करून टाका आणि पहिल्या प्रयोगाच्या सकाळी उसवा. तोवर हात बाजूला ठेवायची सवय लागलेली असते. याचं श्रेय दिग्दर्शक घेईल, ते घेऊ द्यावं.